सुरक्षित स्टेरॉइड क्रीम बनवताय? या चुका टाळा

१९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून त्याचा गुण दाखवून दिला आणि इसबाच्या उपचारांची दिशाच पालटली. पुढच्या काही वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी याच सांगाड्याला फ्लोरिन जोडला, एस्टर जोडले, आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या शेकडो पट ताकदीची स्टेरॉइड्स हाती आली. दाह झपाट्यानं उतरू लागला. मात्र सोबत त्वचा पातळ होणं, न पुसली जाणारी ताणाची वळं, चेहऱ्यावर उमटणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि औषध रक्तात उतरल्यामुळे मंदावलेली ॲड्रिनल ग्रंथी हेही आलं.

अडचण मुळातच आहे. स्टेरॉइड ज्या रिसेप्टरला (पेशीतल्या ग्राहक प्रथिनाला) धरून दाह शमवतं, तोच रिसेप्टर डर्मिसमधल्या, म्हणजे त्वचेच्या आतल्या जाड थरातल्या, फायब्रोब्लास्ट पेशींत कोलॅजेन हे त्वचेला बळ देणारं प्रथिन बनवण्याचं काम थांबवतो. गुण आणि दोष रेणूच्या पातळीवर वेगळे करायचे बरेच प्रयत्न झाले, त्यांना अर्धंमुर्धंच यश आलं. म्हणून उरतो तो प्रश्न फॉर्म्युलेशनचा, म्हणजे औषध कशात आणि कसं मिसळायचं याचा: औषध त्वचेच्या कोणत्या थरात, किती आणि किती वेळ राहील? हे ठरवणं क्रीम बनवणाऱ्याच्या हातात आहे, आणि म्हणूनच या कामातल्या चुका मला फार महत्त्वाच्या वाटतात. बाटलीत किंवा आलेखावर त्या लहान दिसतात, त्यांची किंमत मात्र कुणाच्या तरी त्वचेला मोजावी लागते.

चूक पहिली: टक्का कमी केला म्हणजे क्रीम सौम्य झाली असं धरून चालणं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. ०.०५ टक्क्यांवरून ०.०२५ टक्क्यांवर आलो, म्हणजे जोर निम्मा झाला असा हिशेब केला जातो. त्वचेला टक्केवारी कळत नाही. औषध बेसमधून, म्हणजे ज्या क्रीम-मलमात ते मिसळलंय त्यातून, बाहेर पडायला किती आतुर आहे, म्हणजे त्याची थर्मोडायनॅमिक ॲक्टिव्हिटी किती आहे, यावर आत जाण्याचा वेग ठरतो. ताकेरू हिगुची यांनी १९६० च्या सुमारास हे मांडलं. बेसमध्ये औषध जितकं संपृक्ततेच्या (आणखी विरघळूच शकत नाही अशा मर्यादेच्या) जवळ विरघळलेलं, तितका बाहेर पडण्याचा रेटा जास्त. सहज विरघळवून घेणाऱ्या बेसमध्ये जास्त टक्क्याचं औषधही निवांत पडून राहतं, आणि जेमतेम विरघळवणाऱ्या बेसमध्ये थोडंसं औषधसुद्धा जोरात आत शिरतं.

बीटामिथासोन डायप्रोपिओनेट हे याचं ठळक उदाहरण. ०.०५ टक्के हाच आकडा, रेणूही तोच. पण अमेरिकेतल्या सात गटांच्या वर्गवारीत साधी क्रीम तिसऱ्या गटात बसते आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हा विद्रावक वापरून बेस बदललेलं मलम पहिल्या, म्हणजे अतितीव्र गटात. उलट दिशेचं उदाहरणही आहे. हॅलोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के ताकदीत दोन आठवड्यांपुरतंच वापरायचं असतं. बेस नव्यानं बांधून त्याचं ०.०१ टक्क्याचं लोशन तयार झालं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, ते आठ आठवड्यांपर्यंत वापरायला मान्यता दिली. औषध पाचपट कमी करूनही परिणाम टिकवता आला, कारण टक्का आणि बेस यांचा विचार एकत्र झाला होता.

तयार क्रीममध्ये साधा बेस मिसळून ती ‘हलकी’ करण्याचा प्रकारही याच गैरसमजातून येतो. क्रीममध्ये न विरघळलेले कण शिल्लक असतील तर निम्मा बेस घातल्यावर त्यातले काही विरघळतात आणि संपृक्तता जिथल्या तिथे राहते. जोर कमी होत नाही, नुसतं औषध लवकर संपतं. शिवाय प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि पीएच बिघडतो, त्याबद्दल पुढे येईलच.

मग करायचं काय? फॉर्म्युला लिहिण्याआधी औषधाची विद्राव्यता मोजा: पाण्याच्या फेजमध्ये, तेलाच्या फेजमध्ये, सहविद्रावकासह आणि त्याच्याविना. त्यावरून आपली क्रीम संपृक्ततेच्या किती टक्क्यांवर उभी आहे हे काढा आणि प्रत्येक चाचणी-अहवालात हा आकडा टक्केवारीच्या शेजारी लिहा. क्रीम चोळल्यावर काय होतं तेही तपासा. पाणी उडून जातं, प्रॉपिलीन ग्लायकॉल स्वतःच त्वचेत उतरतं, आणि मागे राहिलेल्या पातळ थरात औषध काही काळ अतिसंपृक्त होतं किंवा त्याचे स्फटिक पडतात. त्वचेला बहुतेक वेळ हाच थर भेटतो. काचपट्टीवर पातळ थर पसरून ३२ अंश सेल्सिअसला ठेवा, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या काही तासांत पाहत राहा. या साध्या निरीक्षणातून जेवढं कळतं तेवढं महागड्या उपकरणांतूनही कधीकधी कळत नाही.

चूक दुसरी: ‘जास्त आत गेलं’ यालाच यश मानणं

ट्रान्सडर्मल पॅचवर काम करून आलेल्यांची ही सवय असते. तिथे औषध रक्तात पोहोचवायचं असतं, म्हणून त्वचा ओलांडून गेलेलं प्रमाण वाढलं की आनंद. इथे ते प्रमाण वाढणं हीच धोक्याची घंटा. आपल्याला औषध जिवंत एपिडर्मिस (त्वचेचा बाहेरचा पातळ थर) आणि डर्मिसचा वरचा भाग इथे हवं आहे. खोल डर्मिसमध्ये ते जितकं कमी तितकं बरं, रक्तात तर नकोच.

त्यामुळे प्रवेश वाढवणारा घटक फॉर्म्युल्यात घालण्याआधी तो कुठला प्रवेश वाढवतो हे विचारलं पाहिजे. स्ट्रॅटम कॉर्नियम, म्हणजे वरचा मृत पेशींचा थर, सैल करणारा घटक औषधाला आतलं दार उघडून देतो, पण आत गेलेल्या औषधाला तिथेच थांब असं सांगत नाही. माझ्या मते प्रत्येक प्रयोगात एकच आकडा मुख्य मानावा: एपिडर्मिसमध्ये राहिलेलं औषध भागिले त्वचेच्या तुकड्यातून पार होऊन पलीकडच्या द्रवात गेलेलं औषध, तेही वेगवेगळ्या वेळी मोजलेलं. तुलनेच्या क्रीमपेक्षा हे गुणोत्तर वाढलं तरच ‘सुरक्षित’ हा शब्द उच्चारावा.

मुक्काम लांबवण्याचा रेणूच्या अंगानं जाणारा मार्गही आहे. प्रेडनिकार्बेटसारखे दुहेरी एस्टर एपिडर्मिसमधल्या पेशींच्या एन्झाइममुळे मोडत जातात, त्यामुळे खालच्या फायब्रोब्लास्टपर्यंत पोहोचणारा वाटा बदलतो. मिथिलप्रेडनिसोलोन ॲसिपोनेट हेही याच विचारातलं औषध. असा रेणू निवडलात तर मात्र चाचणीची त्वचा ताजी हवी. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या त्वचेत एन्झाइम पूर्वीइतकेच काम करतील याचा भरवसा नसतो, आणि मग ज्या गुणासाठी रेणू निवडला तोच गुण प्रयोगात दिसत नाही.

वरचा मृत थर स्वतःच औषधाचा साठा करतो, हे व्हिकर्स यांनी १९६३ मध्ये दाखवलं. या साठ्याचा फायदा फार कमी जण घेतात. साठ्यातून औषध सावकाश झिरपत असेल तर दिवसातून एकदाच लावायची क्रीम आखता येते.

चूक तिसरी: पीएच शेवटी बघू

लक्षण असं दिसतं: तीन महिन्यांच्या स्थिरता-चाचणीत क्रीम दिसायला उत्तम, वास नाही, थर सुटलेला नाही, पण एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर, मुख्य शिखराच्या बाजूला एक नवं शिखर उगवतंय आणि मुख्य शिखर खाली येतंय.

बीटामिथासोन व्हॅलरेट असेल तर कारण जवळजवळ ठरलेलं. या रेणूत व्हॅलरेट गट १७ क्रमांकाच्या कार्बनवर असतो. पीएच उदासीन किंवा अल्कधर्मी झाला की तो २१ क्रमांकावर सरकतो, आणि तयार होणारा २१-व्हॅलरेट बराच कमजोर असतो. पुढे तोही तुटून मूळ बीटामिथासोन उरतं. हायड्रोकॉर्टिसोन १७-ब्युटिरेटचीही हीच गत. औषध कमजोर झालं म्हणजे क्रीम सुरक्षित झाली असं समजू नका. गुण येत नाही म्हणून माणूस जास्त लावतो, जास्त दिवस लावतो, आणि डॉक्टर वरच्या गटातलं औषध लिहून देतात. अस्थिर क्रीम अशा आडवाटेनं धोका वाढवते.

यावर उपाय म्हणजे पीएच ४ च्या आसपास धरून ठेवणारा सिट्रेट किंवा फॉस्फेट बफर. आता पुढची गाठ सोडवावी लागते. तुमची क्रीम कार्बोमर या घट्टपणा देणाऱ्या पॉलिमरवर उभी असेल, तर कार्बोमर फुगण्यासाठी त्याला ट्रायइथेनॉलअमाइनसारख्या अल्कलीनं उदासीन करावं लागतं, आणि बफरमधल्या क्षारांनी तो पुन्हा पातळ पडतो. औषधाला आम्ल हवं, घट्टपणाला उदासीन पीएच हवा. अशा वेळी पीएच ५.५ चा ‘मध्यम मार्ग’ काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे की घट्टपणाचा आधारच बदला. सिटोस्टिअरिल अल्कोहोल आणि सिटोमॅक्रोगॉल यांची बांधणी किंवा हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज आम्ल पीएचला कुरकुर करत नाहीत.

जोडीदार औषध असेल तर ही गाठ आणखी घट्ट होते. सोरायसिसवरच्या कॅल्सिपोट्रिऑलला अल्कधर्मी वातावरण मानवतं, बीटामिथासोनच्या एस्टरला आम्ल. एकाच पाण्यात दोघं नांदत नाहीत, म्हणून त्यांचं एकत्र औषध आधी बिनपाण्याच्या मलमाच्या रूपात आलं. झिंक ऑक्साइड हाही असाच पीएच वर नेणारा घटक. तो ‘त्वचेला थंडावा देतो’ म्हणून एस्टर-स्टेरॉइडच्या क्रीममध्ये टाकू नये.

पीएच मोजताना एकदाच, ताज्या क्रीमचा मोजून थांबू नका. ४० अंशांवर ठेवलेल्या नमुन्यांचा दर महिन्याला मोजा, आणि पद्धत तीच ठेवा. क्रीम पाण्यात किती विरळ केली यावरही आकडा हलतो.

चूक चौथी: ‘नॅनो’ शब्दावर विसंबणं

१९८० मध्ये मेझेई आणि गुलसेखरम यांनी ट्रायॲमसिनोलोन ॲसिटोनाइड लायपोसोममधून, म्हणजे मेदपदार्थांच्या (लिपिडच्या) सूक्ष्म पिशव्यांतून, लावून पाहिलं तेव्हा त्वचेत औषध जास्त आणि आतल्या अवयवांत कमी सापडलं. ही दिशा खरीच आशेची आहे. पुढे प्रेडनिकार्बेट घन-लिपिड नॅनोकणांत भरून एपिडर्मिसवर नेम धरण्याचे प्रयोग झाले. ही वाट सोडावी असं मी मुळीच म्हणत नाही, पण या वाटेवर लोक ठरलेल्या जागी घसरतात.

पहिली जागा म्हणजे कणात औषध किती अडकलं याचं मोजमाप. हा आकडा बहुधा नुसत्या पाण्यातल्या कणांवर काढलेला असतो. नंतर ते कण क्रीममध्ये मिसळले जातात. क्रीमच्या तेलात औषध जास्त विरघळत असेल तर ते कणातून निघून तेलात जातं, आणि क्रीममधला सर्फॅक्टंट (तेल-पाणी एकत्र धरणारा घटक) लायपोसोमच विरघळवून टाकू शकतो. उरते ती साधी क्रीम, फक्त महाग. म्हणून कणात औषध किती हे क्रीम तयार झाल्यावर आणि साठवणुकीनंतरही तपासलं पाहिजे. ते अवघड आहे, तरी टाळता येत नाही.

दुसरी जागा लिपिडच्या स्फटिकांची. ताजा कण सैल, अव्यवस्थित स्फटिकरूपात असतो, त्यात औषधाला जागा मिळते. आठवड्या-महिन्यांत लिपिड अधिक सुबक रचनेत बसत जातं आणि औषधाला बाहेर ढकलतं. पहिल्या दिवशी सावकाश औषध सोडणारा कण सहाव्या महिन्यात सगळं एकदम सोडतो. डीएससी (उष्णतेची मोजणी) आणि क्ष-किरण विवर्तन या स्फटिकरचना तपासणाऱ्या चाचण्या प्रत्येक कालटप्प्यावर करा. घन लिपिडमध्ये थोडं द्रव तेल मिसळलं तर रचना मोकळी राहते आणि ही हकालपट्टी कमी होते.

तिसरी जागा तुलनेची. नॅनोकणांचं द्रावण एका बाजूला आणि बाजारातली क्रीम दुसऱ्या बाजूला, ही तुलना न्यायाची नाही, कारण दोन्हीत विद्रावक, पाणी, संपृक्तता सगळंच वेगळं. कण सोडून बाकी सारं तेच असलेला नमुना शेजारी ठेवा. चमकणारा रंग कणात भरून काढलेल्या छायाचित्रांवरही जपून बोला. रंग कणातून गळून एकटाच आत गेलेला असू शकतो, आणि रंगाचा प्रवास म्हणजे स्टेरॉइडचा प्रवास नव्हे. धड त्वचा अखंड कण सहसा आत घेत नाही. काही शे नॅनोमीटरचे कण केसांच्या मुळांशी मात्र बराच काळ टिकतात. तुमचा कण तिथे साठत असेल तर ती गोष्ट लपवू नका, चाचणीत धरा.

चूक पाचवी: त्वचेलाच दुखावणारा बेस

सोडियम लॉरिल सल्फेट हे स्वस्त आणि भरवशाचं इमल्सिफायर आहे, आणि त्वचेच्या अडसराला, म्हणजे बाहेरचं आत येऊ न देणाऱ्या वरच्या थराला, हानी पोहोचवण्यातही तितकंच भरवशाचं. ब्रिटिश फार्माकोपियातल्या ॲक्वियस क्रीममध्ये ते सुमारे १ टक्का असायचं. इसब असलेल्यांना, विशेषतः मुलांना, तिच्यामुळे चुरचुर होऊ शकते असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकानं २०१३ मध्ये दिला. अडसर खिळखिळा झाला की तुमच्याच क्रीममधलं स्टेरॉइड जास्त वेगानं आत जातं. म्हणजे बेसच औषधाचा डोस वाढवतो आणि तुम्हाला पत्ता नसतो.

प्रॉपिलीन ग्लायकॉल काढून टाकावं का? सरसकट नाही. त्यानं काहींची त्वचा चिडते, काहींना ॲलर्जी होते, आणि अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं २०१८ साली त्याला वर्षाचं ॲलर्जन ठरवलं होतं. पण ते काढताना औषध विरघळवायला दुसरं काय आणताय, त्यानं संपृक्तता कुठे गेली, हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

एक गोष्ट नेहमी मागे पडते. स्टेरॉइड स्वतःच अडसर दुबळा करतं. तीव्र स्टेरॉइड थोडे दिवस लावल्यावरही एपिडर्मिसमधली लिपिडनिर्मिती मंदावते आणि मोडलेला अडसर पुन्हा सांधायला उशीर होतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं गेलं. त्वचेची स्वतःची लिपिडं, म्हणजे सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं, बाहेरून लावल्यावर ही हानी भरून निघत असल्याचंही त्यात दिसलं. ही तीन लिपिडं बेसमध्ये असावीत असं मला मनापासून वाटतं. मात्र तिन्ही हवीत. एकटं सिरामाइड वेष्टनावर छापायला बरं दिसतं, अडसर दुरुस्त करायला अपुरं पडतं.

चूक सहावी: सोयीची त्वचा, सोयीचा डोस

फ्रान्झ सेलमध्ये, म्हणजे त्वचेच्या तुकड्यातून औषध किती पार जातं ते मोजणाऱ्या काचपात्रात, क्रीमचा जाड थर भरायचा, वर पॅराफिल्म ताणायची, खाली उंदराची त्वचा आणि त्याखाली अल्कोहोलमिश्रित द्रव. आकडे सुंदर येतात, पण ते कुणाच्याही त्वचेचे नसतात. झाकलेल्या त्वचेत स्टेरॉइडचा प्रवेश दहापटीपर्यंत वाढू शकतो. उंदराची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त झिरपू देते. खालच्या द्रवातलं अल्कोहोल वर चढून त्वचेतली लिपिडं विरघळवतं.

माणसाची किंवा निदान डुकराच्या कानाची त्वचा घ्या. डोस दर चौरस सेंटिमीटरला काही मिलिग्रॅमच ठेवा आणि वरून झाकू नका. प्रत्येक तुकड्याचा अडसर आधी तपासा. खालच्या द्रवात औषध पुरेसं विरघळतं ना याची खात्री करा, नाहीतर ‘रक्तात कमी गेलं’ असा खोटा दिलासा मिळतो. शेवटी पृष्ठभाग, टेपच्या पट्ट्या (वरचा मृत थर सोलून काढणाऱ्या), एपिडर्मिस, डर्मिस आणि द्रव यांतलं औषध मिळून लावलेल्याच्या १०० टक्क्यांच्या जवळ येतं का ते पाहा. बेरीज ७० वर अडली असेल तर उरलेलं ३० कुठे आहे हे कळेपर्यंत कुठलाही निष्कर्ष काढू नका.

यानंतर तोच प्रयोग टेपनं सोललेल्या त्वचेवर करा. ही क्रीम इसबाच्या फुटलेल्या त्वचेवर लावली जाणार आहे. धड त्वचेवरचं गुणोत्तर तिथे कोसळत असेल तर ते आजच कळलेलं बरं.

दिसायला लहान, पण महागात पडणाऱ्या

हायड्रोकॉर्टिसोनच्या क्रीममध्ये धातूचे अंश राहिले तर बाजूची साखळी ऑक्सिडाइज होते, म्हणून ते अंश बांधून ठेवणारं एडिटेट घाला. पॉलिसॉर्बेट हे इमल्सिफायर पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हला बांधून ठेवतं, त्यामुळे ते कागदावर पुरेसं आणि प्रत्यक्षात कमी पडतं. थंड-गरम चक्रांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ‘स्फटिक नाहीत’ असं लिहू नका. ट्यूबच्या तोंडाशी, मध्ये आणि तळाशी औषध सारखं आहे का हेही मोजा.

चूक सातवी: त्वचा पांढरी पडली, काम झालं

मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी १९६२ मध्ये दिलेली रक्तवाहिन्या आकसून त्वचा किती पांढरी पडते याची चाचणी आजही उपयोगी आहे आणि एफडीएच्या १९९५ च्या मार्गदर्शनात दोन क्रीम समतुल्य ठरवण्यासाठी तिचाच आधार होता. पण ती क्रीमचा जोर सांगते, तिच्या सुरक्षिततेबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी खरा रोग असलेल्या लोकांत, जास्तीत जास्त भागावर, जास्तीत जास्त दिवस क्रीम लावून ॲड्रिनल ग्रंथी तपासावी लागते: ग्रंथीला चालना देणाऱ्या कोसिन्ट्रोपिनचं इंजेक्शन, ३० मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिसॉल, आणि १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरची रेषा, जिच्या खाली कॉर्टिसॉल राहिलं तर ग्रंथी मंदावली असं समजायचं. क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के दिवसाला फक्त २ ग्रॅम लावूनही ग्रंथी मंदावल्याची नोंद आहे, हे नवी ‘सुरक्षित’ क्रीम आखणाऱ्यानं समोर ठेवावं.

शरीराचा भाग विसरूनही चालत नाही. फेल्डमन आणि मायबॅक यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचं मोजमाप केलं. हाताच्या पुढच्या भागाला १ धरलं तर तळपायाला ०.१४, कपाळाला ६, जबड्याच्या कोनाला १३ आणि वृषणाच्या त्वचेला ४२ असा प्रवेश निघाला. हातावर तपासलेली क्रीम चेहऱ्यावर आणि घड्यांत लावली जाणार असेल तर तिथल्या चाचणीशिवाय वेष्टनावर तसं लिहू नये. तान्ह्या मुलांत वजनाच्या मानानं त्वचेचं क्षेत्र मोठं असतं, लंगोट वरून झाकतोही, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळाच करायचा.

राहता राहिला डोस. लाँग आणि फिन्ले यांनी १९९१ मध्ये बोटाच्या टोकाचं माप रूढ केलं: बोटाच्या पेरावर काढलेली पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसह दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. हे माप ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबसाठी आहे. क्रीम फार पातळ झाली तर पट्टीचं वजन बदलतं, आणि पॅकिंग विभागानं तोंड ७ मिलिमीटरचं केलं, तर तीच पट्टी जवळपास दुप्पट औषध देते. म्हणून ट्यूबच्या तोंडाचा व्यास आणि क्रीमचा घट्टपणा फॉर्म्युल्याच्या पहिल्याच पानावर लिहा, आणि दोन्हींपैकी काहीही बदललं की पट्टीचं वजन पुन्हा करा.